बीथोव्हेनच्या सिंफनींची संपूर्ण ध्वनिमुद्रणे

लुडविग फान बीथोव्हेन (१७७०–१८२७) या जर्मन संगीतकाराच्या नऊ सिंफनी एकाच वाद्यवृंद संचालकाच्या नेतृत्वाखाली वाजवून संच म्हणून प्रसिद्ध केल्या जातात, तेव्हा त्या संचास बीथोव्हेनच्या सिंफनींचे संपूर्ण ध्वनिमुद्रण किंवा संपूर्ण मालिका असे म्हणतात. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून आजपर्यंत अशा शंभराहून अधिक मालिका निघाल्या आहेत. काही संचालकांनी दोन, तीन किंवा त्याहूनही अधिक वेळा संपूर्ण मालिका ध्वनिमुद्रित केली आहे.

या मालिकांची तुलना हा पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या समीक्षेतील नेहमीचा विषय आहे. स्वरलिपी तीच असूनही दोन मालिकांतील एकाच भागाच्या कालावधीत कित्येक मिनिटांचा फरक पडतो. एकीत ऐकू येणारे वाद्य दुसरीत ऐकू येत नाही, आणि एकीत दोनदा येणारा खंड दुसरीत एकदाच येतो. हे फरक केवळ आवडीनिवडीतून उद्भवत नाहीत. संगीतकाराने लिहिलेले शब्द, आकडे आणि खुणा कितपत बंधनकारक मानायच्या, या प्रश्नाला प्रत्येक पिढीने निराळे उत्तर दिले आहे. मालिकांच्या इतिहासात ही उत्तरे क्रमाने ऐकू येतात.

पार्श्वभूमी

बीथोव्हेनची पहिली सिंफनी १८०० मध्ये आणि नववी ७ मे १८२४ रोजी व्हिएन्ना येथे प्रथम सादर झाली. नवव्या सिंफनीच्या अखेरच्या भागात फ्रीडरिश शिलर यांच्या काव्यावर आधारित गायन असून त्यासाठी चार एकल गायक आणि समूहगायकांची आवश्यकता असते. नऊही सिंफनी ओळीने सादर करण्याची प्रथा ध्वनिमुद्रणापेक्षा बरीच जुनी आहे. लाइपझिगच्या गेवांडहाउस वाद्यवृंदाने १८२५–२६ च्या हंगामात, म्हणजे संगीतकाराच्या हयातीतच, सर्व सिंफनी वाजविल्या. पॅरिसमध्ये फ्रांस्वा हाबनेक यांच्या संचालनाखाली १८२८ पासून या सिंफनींचे नियमित प्रयोग होऊ लागले.

हिंदुस्थानी संगीतात बंदिशीचा विस्तार गायक मैफलीत करतो. सिंफनीत मात्र प्रत्येक वाद्याने कोणता स्वर किती काळ वाजवायचा हे आधीच लिहिलेले असते. त्यामुळे संचालकाच्या वाट्याला येणारे स्वातंत्र्य मुख्यतः लय, आवाजाचा चढउतार, वाद्यांमधील तोल, स्वरांची जोडणी व तोडणी आणि वाद्यवृंदाचा आकार यांच्यापुरते असते. ध्वनिमुद्रणांची तुलना करताना याच गोष्टींकडे लक्ष दिले जाते.

इतिहास

आरंभीचा काळ

विद्युत ध्वनिमुद्रणापूर्वी वादकांना मोठ्या कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसून वाजवावे लागे. या पद्धतीने झालेल्या ध्वनिमुद्रणांपैकी आर्थर निकिश यांनी १९१३ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकसह केलेली पाचवी सिंफनी विशेष प्रसिद्ध आहे. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोनचा वापर सुरू झाला आणि पूर्ण आकाराचा वाद्यवृंद मुद्रित करणे शक्य झाले.

१९२७ हे बीथोव्हेनच्या मृत्यूचे शताब्दी वर्ष होते. त्यानिमित्त इंग्लंडमधील कोलंबिया कंपनीने नऊही सिंफनी बाजारात आणल्या, परंतु त्यांचे संचालन एकाच व्यक्तीने केलेले नव्हते. जॉर्ज हेन्शेल, टॉमस बीचम, हेन्री वूड, हॅमिल्टन हार्टी आणि फेलिक्स वाइनगार्टनर यांनी ते काम वाटून घेतले होते. पुढे वाइनगार्टनर यांनी लंडन व व्हिएन्ना येथील वाद्यवृंदांसह उरलेल्या सिंफनीही मुद्रित केल्या. मुख्यतः १९३० च्या दशकात पूर्ण झालेला हा संच एका संचालकाची पहिली संपूर्ण मालिका मानला जातो. वाइनगार्टनर यांनी या सिंफनींच्या सादरीकरणावर १९०६ मध्ये एक पुस्तक लिहिले होते. नव्या काळातील मोठ्या वाद्यवृंदात काही वाद्यांच्या ओळी बदलणे आवश्यक आहे, असे त्यांचे मत होते.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण चार ते साडेचार मिनिटांचे संगीत मावत असे. परिणामी नवव्या सिंफनीसाठी पंधरा-सोळा बाजू लागत आणि श्रोत्याला मध्येच उठून तबकडी उलटावी लागे. पुनरावृत्तीच्या खुणा न पाळण्यामागे जुनी रंगमंचीय प्रथा होतीच. जागेची ही टंचाई तिला पूरक ठरली.

लाँग प्ले तबकडीचा काळ

१९४८ मध्ये आलेल्या लाँग प्ले तबकडीमुळे आणि युद्धोत्तर काळात रूढ झालेल्या चुंबकीय फितीमुळे संपूर्ण मालिका काढणे व्यापारीदृष्ट्या सोपे झाले. आर्टुरो टोस्कानिनी यांनी न्यूयॉर्क येथील एनबीसी सिंफनी वाद्यवृंदासह १९४९ ते १९५२ या काळात मालिका पूर्ण केली. याच वाद्यवृंदासह १९३९ मध्ये त्यांनी केलेली नभोवाणी मालिकाही पुढे प्रसिद्ध झाली. वेगवान लय, ताणलेली वाक्यरचना आणि स्वच्छ ध्वनी ही त्यांच्या वादनाची वैशिष्ट्ये सांगितली जातात. लिहिल्याबरहुकूम वाजविणारे संचालक अशी त्यांची ख्याती होती. तथापि अनेक ठिकाणी त्यांनीही वाद्ययोजनेत बदल केलेले आढळतात.

टोस्कानिनींच्या विरुद्ध टोकाला विल्हेल्म फुर्टव्हेंगलर यांचे नाव घेतले जाते. संगीताच्या अंतर्गत ताणानुसार लय सतत बदलत राहिली पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह सुरू झालेली त्यांची मालिका १९५४ मध्ये त्यांच्या निधनामुळे अपुरी राहिली. त्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या संचात दुसरी आणि आठवी सिंफनी १९४८ च्या मैफलींतून, तर नववी १९५१ च्या बायरॉइट महोत्सवातून घेतलेली आहे. काटेकोर अर्थाने ती नियोजित मालिका नसून संकलन आहे.

लंडनच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदासह दोन भिन्न प्रकृतीच्या मालिका झाल्या. हर्बर्ट फॉन कारायान यांची मालिका १९५१–५५ मधील आहे. ओटो क्लेम्पेरर यांची मालिका १९५७–६० या काळात स्टिरिओ पद्धतीने मुद्रित झाली. क्लेम्पेरर यांची लय धीमी व ठाम असून काष्ठसुषिर वाद्ये तारवाद्यांच्या बरोबरीने पुढे येतात. पहिली व दुसरी व्हायोलिने समोरासमोर बसविण्याची जुनी पद्धत त्यांनी कायम ठेवली. त्यामुळे दोन्ही गटांतील सवालजवाब डाव्या-उजव्या बाजूंनी स्पष्ट ऐकू येतात.

बर्लिन फिलहार्मोनिकची पहिली संपूर्ण मालिका बेल्जियममध्ये जन्मलेले आंद्रे क्लुइतांस यांनी १९५७–६० मध्ये केली. त्यानंतर कारायान यांनी याच वाद्यवृंदासह १९६१–६२ मध्ये डॉइच ग्रामोफोन कंपनीसाठी नऊही सिंफनी मुद्रित केल्या. हा आठ तबकड्यांचा संच १९६३ मध्ये प्रथमपासूनच एकत्रित संच म्हणून आगाऊ वर्गणीच्या पद्धतीने विकला गेला. सुट्या तबकड्यांऐवजी संपूर्ण संच विकत घेण्याची सवय रुजविण्यात त्याचा मोठा वाटा आहे. बर्लिनमध्येच कारायान यांनी १९७५–७७ आणि १९८२–८४ या काळात आणखी दोन मालिका केल्या. तारवाद्यांचा घट्ट, अखंड आणि तकतकीत ध्वनी हे त्यांचे समान लक्षण असून सलगतेपुढे बारीक तपशील दबतात, असा आक्षेप या मालिकांवर, विशेषतः उत्तरकालीन मालिकांवर, घेतला जातो.

याच काळात एक निराळा प्रयत्न झाला. रेने लायबोवित्झ यांनी १९६१ मध्ये रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह रीडर्स डायजेस्टच्या ग्राहकांसाठी एक मालिका मुद्रित केली. आर्नोल्ड शोनबर्ग यांच्या संगीताचे ते पुरस्कर्ते होते. त्याच परंपरेतील व्हायोलिनवादक रुडॉल्फ कोलिश यांनी १९४३ मध्ये एक लेख लिहून बीथोव्हेनच्या मेट्रोनोम खुणा गंभीरपणे घ्याव्यात असे प्रतिपादन केले होते. लायबोवित्झ यांच्या मालिकेत या खुणांच्या जवळ जाणारी लय पहिल्यांदाच सातत्याने ऐकू येते. हर्मान शेर्खेन यांच्या १९५० च्या दशकातील आणि १९६५ मधील लुगानो येथील ध्वनिमुद्रणांतही अतिवेगवान लय आढळते.

तत्कालीन वाद्यांकडे पुनरागमन

१९८० च्या दशकात बीथोव्हेनच्या काळातील वाद्ये किंवा त्यांच्या प्रतिकृती वापरून मालिका होऊ लागल्या. हॅनोव्हर बँड (१९८२–८८), क्रिस्टोफर हॉगवुड आणि अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक, रॉजर नॉरिंग्टन आणि लंडन क्लासिकल प्लेयर्स (१९८६–८८) तसेच फ्रान्स ब्रूगेन आणि अठराव्या शतकाचा वाद्यवृंद हे या प्रवाहातील आरंभीचे संच होत. जॉन एलियट गार्डिनर यांची मालिका १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली.

या वाद्यवृंदांत व्हायोलिनला आतड्याच्या तारा असतात, हॉर्न व ट्रंपेट झडपांविना असतात आणि टिंपनी लहान असून कठीण टोकाच्या काठ्यांनी वाजविल्या जातात. तारवाद्यांवरील स्वरकंप अत्यल्प असतो. परिणामी तारवाद्ये आपोआप मागे सरतात आणि पितळी व काष्ठसुषिर वाद्ये उठून दिसतात. नॉरिंग्टन यांनी आपल्या मालिकेत मेट्रोनोम खुणा पाळणे हे उघड उद्दिष्ट ठेवले होते. ब्रूगेन यांच्या मालिकेत मात्र वाद्ये जुनी असूनही लय त्या मानाने मोकळी आहे. जुनी वाद्ये आणि वेगवान लय या दोन गोष्टी एकमेकींशी अपरिहार्यपणे जोडलेल्या नाहीत, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

निकोलाउस हार्नोनकुर्ट यांनी चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोपसह १९९०–९१ मध्ये ग्राझ येथे केलेल्या मालिकेत मध्यममार्ग स्वीकारला. वाद्यवृंद आधुनिक, परंतु ट्रंपेट झडपांविना आणि वादनाची शैली अठराव्या शतकातील वक्तृत्वाला अनुसरणारी, असा हा मेळ होता. पुढील काळात अनेक आधुनिक वाद्यवृंदांनी तो अनुसरला.

नवी आवृत्ती आणि एकविसावे शतक

दीर्घकाळ बहुतेक वाद्यवृंद ब्राइटकोफ उंड हेर्टेल यांच्या १८६० च्या दशकातील आवृत्तीवरून वाजवीत असत. जॉनथन डेल मार यांनी हस्तलिखिते, नकलाकारांच्या प्रती आणि पहिल्या छापील प्रती ताडून पाहून सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती बेरेनरायटर प्रकाशनाने १९९६ ते २००० या काळात प्रसिद्ध केली. डेव्हिड झिनमन यांनी झुरिकच्या टोनहाले वाद्यवृंदासह १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात केलेल्या स्वस्त किमतीच्या मालिकेची जाहिरात या आवृत्तीच्या नावाने झाली. परंतु झिनमन यांनी काही ठिकाणी घातलेले अलंकार कोणत्याही आवृत्तीत नाहीत. ते त्या काळच्या वादनप्रथेच्या आधारे घेतलेले स्वातंत्र्य आहे. वेष्टनावरील आवृत्तीचे नाव आणि प्रत्यक्ष वादन यांत अंतर असू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

सायमन रॅटल आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक (२००२), ऑस्मो व्हॅन्स्का आणि मिनेसोटा वाद्यवृंद, पाव्हो यार्वी आणि ब्रेमेन येथील डॉइच कामरफिलहार्मोनी, तसेच रिकार्डो शाइली आणि गेवांडहाउस वाद्यवृंद (२००७–०९) या मालिका एकविसाव्या शतकातील आहेत. शाइली यांनी मोठ्या आधुनिक वाद्यवृंदाकडूनही मेट्रोनोम खुणांच्या निकट जाणारी लय साधली. त्यामुळे ही लय मोठ्या वाद्यवृंदाला पेलणार नाही, हा जुना युक्तिवाद बराच दुबळा झाला.

मेट्रोनोम खुणांचा वाद

योहान नेपोमुक मेल्झेल यांनी १८१५ मध्ये मेट्रोनोम या लयमापक यंत्राचे पेटंट घेतले. बीथोव्हेनने १८१७ मध्ये आपल्या पहिल्या आठ सिंफनींसाठी मेट्रोनोमचे आकडे लाइपझिगच्या एका संगीतविषयक नियतकालिकातून प्रसिद्ध केले. नवव्या सिंफनीचे आकडे १८२६ मध्ये प्रकाशकाकडे पाठविण्यात आले. हे आकडे एका मिनिटात किती मात्रा व्हाव्यात ते सांगतात. मात्र त्यांतील अनेक आकडे परंपरेने रूढ झालेल्या लयीपेक्षा बरेच वेगवान आहेत.

या विसंगतीची निरनिराळी कारणे सुचविली गेली आहेत. यंत्र सदोष होते, संगीतकार बहिरा असल्याने मनातल्या मनात ऐकलेली लय प्रत्यक्षापेक्षा जलद होती, किंवा आकडे लिहून घेताना चूक झाली, अशी ही कारणे आहेत. याउलट आकडे बरोबरच आहेत आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील परंपरेनेच लय मंदावली, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आहे.

अल्मुदेना मार्तिन-कास्त्रो आणि इन्याकी उकार या स्पॅनिश संशोधकांनी डिसेंबर २०२० मध्ये प्लॉस वन या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ध्वनिमुद्रित मालिकांचाच पुरावा म्हणून उपयोग केला. त्यांनी ३६ संचालकांच्या संपूर्ण मालिकांतील लय संगणकाच्या साह्याने मोजली. संचालक सरासरीने खुणांपेक्षा धीम्या लयीत वाजवितात आणि ऐतिहासिक वादनपद्धती अनुसरणारे संचालकही सरासरीने खुणांच्या किंचित खालीच राहतात, असे त्यांना आढळले. मेट्रोनोमच्या दांडीवरील वजनाच्या वरच्या कडेऐवजी खालच्या कडेजवळचा आकडा बीथोव्हेनने वाचला असावा, असे अनुमान त्यांनी मांडले. नवव्या सिंफनीच्या हस्तलिखितात १०८ किंवा १२० अशी दुविधा दर्शविणारी नोंद आहे, तिचाही त्यांनी आधार घेतला. हे अनुमान सर्वमान्य झालेले नाही. तथापि श्रोत्यांच्या चर्चेचा विषय असलेल्या मालिका मोजमापाचे साधनही होऊ शकतात, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

तुलनेचे निकष

लय

स्वरलिपीतील मोजपट्ट्यांची संख्या आणि मेट्रोनोमचा आकडा यांवरून अपेक्षित कालावधी साध्या गणिताने काढता येतो. तिसऱ्या सिंफनीच्या (एरोइका) पहिल्या भागात ६९१ मोजपट्ट्या, म्हणजे उभ्या रेघांनी आखलेले लयखंड, असून खूण मिनिटाला ६० मोजपट्ट्यांची, म्हणजे सेकंदाला एक अशी आहे. त्यानुसार पुनरावृत्ती न घेता हा भाग सुमारे साडेअकरा मिनिटांत आणि पुनरावृत्तीसह १४ मिनिटांच्या आसपास संपावा. क्लेम्पेरर यांच्या १९५९ च्या ध्वनिमुद्रणात तो पुनरावृत्तीविना सोळा मिनिटांहून अधिक चालतो.

पाचव्या सिंफनीच्या पहिल्या भागात ५०२ मोजपट्ट्या आहेत आणि खूण मिनिटाला १०८ ची आहे. हिशेबाने पुनरावृत्तीसह पावणेसहा मिनिटांहून किंचित अधिक वेळ लागतो. शिवाय स्वर लांबवून थांबण्याच्या जागांचा वेळ वेगळा धरावा लागतो. सातव्या सिंफनीचा दुसरा भाग खुणेप्रमाणे सव्वासात मिनिटांच्या जवळपास व्हायला हवा. फुर्टव्हेंगलर यांच्याकडे तो दहा मिनिटांच्या आसपास जातो आणि चालत्या लयीच्या भागाला शोकयात्रेचे रूप येते. सर्वांत मोठे अंतर नवव्या सिंफनीच्या तिसऱ्या भागात दिसते. बायरॉइट येथील १९५१ च्या मैफलीत फुर्टव्हेंगलर यांनी त्यासाठी १९ मिनिटांहून अधिक वेळ घेतला, तर नॉरिंग्टन यांच्या मालिकेत तो ११ मिनिटांच्या आसपास आटोपतो.

मिनिटांची ही तुलना उपयुक्त असली तरी अपुरी आहे. एकूण कालावधी सारखा असलेल्या दोन वादनांत एकाची लय स्थिर, तर दुसऱ्याची सतत बदलती असू शकते. वेगाचा भास केवळ आकड्यावर अवलंबून नसतो. स्वर तोडून आणि टोकदार वाजविल्यास तीच लय अधिक जलद वाटते.

पुनरावृत्ती

बहुतेक सिंफनींच्या पहिल्या भागातील विषयमांडणीचा खंड दोनदा वाजवावा, अशी खूण असते. एरोइकाच्या पहिल्या भागातील ही पुनरावृत्ती टोस्कानिनी आणि कारायान यांच्यासह जुन्या पिढीतील अनेकांनी वगळली. हॉगवुड, नॉरिंग्टन आणि गार्डिनर यांनी ती घेतली. म्हणून कालावधींची तुलना करण्यापूर्वी पुनरावृत्ती घेतली आहे किंवा नाही हे पाहणे आवश्यक ठरते. तसे न केल्यास जलद वादन धीमे आणि धीमे वादन जलद असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो.

वाद्ययोजनेतील बदल

बीथोव्हेनच्या काळातील झडपांविना हॉर्न व ट्रंपेट यांवर ठरावीकच स्वर निघत असत. झडपा आल्यावर ही अडचण दूर झाली. आज हयात असते तर संगीतकाराने जे लिहिले असते ते वाजवावे, असा विचार रिखार्ड वाग्नर आणि वाइनगार्टनर यांच्यासारख्यांनी मांडला. अडचणीतून निघालेली वाटही रचनेचाच भाग आहे, असे दुसरा पक्ष मानतो.

वाद्यवृंद, सभागृह आणि तंत्र

व्हायोलिनवादकांची संख्या, त्यांची बैठक, सभागृहातील निनाद आणि मायक्रोफोनची जागा यांचा परिणाम संचालकाच्या निर्णयाइतकाच ऐकू येतो. कारायान यांची १९६१–६२ ची मालिका बर्लिनच्या डालेम भागातील येझुस-ख्रिस्टुस चर्चमध्ये, तर १९७० च्या दशकातील मालिका फिलहार्मोनी सभागृहात मुद्रित झाली. दोहोंतील काही फरक वास्तूचे आणि तंत्राचे आहेत. मैफलीतील थेट ध्वनिमुद्रण आणि स्टुडिओत अनेक तुकडे जोडून केलेले ध्वनिमुद्रण यांतही हा भेद लक्षात ठेवावा लागतो.

तुलनेसाठी उपयुक्त स्थळे

पुढील चार ठिकाणे लहान असून नवख्या श्रोत्यालाही ओळखता येतात. कोणत्याही मालिकेचा कल त्यांवरून लवकर कळतो.

एरोइका, पहिल्या भागाचा शेवट: मुख्य विषय ट्रंपेटवर सुरू होतो आणि मध्येच ट्रंपेट तो सोडून देतात. मूळ स्वरलिपी पाळणाऱ्या मालिकांत विषय जणू वाद्यवृंदात विरून जातो. जुन्या प्रथेनुसार ट्रंपेट तो विषय पूर्ण करतात आणि प्रसंगाला विजयघोषाचे रूप येते.

पाचवी सिंफनी, पहिला भाग: दुसऱ्या विषयाची हाक आरंभी हॉर्नवर येते. तीच हाक नंतर परतते तेव्हा बीथोव्हेनने ती बसूनसाठी लिहिली आहे. अनेक संचालक तेथेही हॉर्नच वापरतात. बसूनचा कोरडा आवाज ऐकू आला, तर संचालकाने लिहिलेले पाळले असे समजावे.

पाचवी सिंफनी, तिसरा भाग: हा भाग आरंभापासून पुन्हा घ्यावा की नाही, याविषयी संपादकांत मतभेद आहेत. १९७० च्या दशकात पेटर गुल्के यांच्या आवृत्तीने ही पुनरावृत्ती पुढे आणली, डेल मार यांनी ती स्वीकारली नाही. हॉगवुड यांच्या मालिकेत ती ऐकू येते.

नववी सिंफनी, दुसऱ्या भागातील मधला खंड (ट्रिओ): येथील खूण ११६ आहे, पण हा आकडा पूर्ण स्वराला लावायचा की अर्ध्या स्वराला, याबद्दल वाद आहे. त्यावर लय दुप्पट होणे किंवा निम्मी होणे अवलंबून असते. नॉरिंग्टन यांनी अर्धा स्वर धरल्यामुळे त्यांच्या मालिकेत हा खंड, इतरत्र सर्व काही वेगवान असताना, अनपेक्षितपणे संथ ऐकू येतो.

निवडक मालिका

फेलिक्स वाइनगार्टनर – लंडन व व्हिएन्ना येथील विविध वाद्यवृंद – मुख्यतः १९३० चे दशक
आर्टुरो टोस्कानिनी – एनबीसी सिंफनी वाद्यवृंद – १९४९–५२
हर्बर्ट फॉन कारायान – फिलहार्मोनिया वाद्यवृंद – १९५१–५५
आंद्रे क्लुइतांस – बर्लिन फिलहार्मोनिक – १९५७–६०
ओटो क्लेम्पेरर – फिलहार्मोनिया वाद्यवृंद – १९५७–६०
जॉर्ज सेल – क्लीव्हलँड वाद्यवृंद – १९५७–६४
रेने लायबोवित्झ – रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंद – १९६१
हर्बर्ट फॉन कारायान – बर्लिन फिलहार्मोनिक – १९६१–६२, १९७५–७७, १९८२–८४
लेनर्ड बर्नस्टाइन – व्हिएन्ना फिलहार्मोनिक – १९७७–७९
रॉजर नॉरिंग्टन – लंडन क्लासिकल प्लेयर्स – १९८६–८८
निकोलाउस हार्नोनकुर्ट – चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोप – १९९०–९१
जॉन एलियट गार्डिनर – ऑर्केस्त्र रेव्होल्युशनेर ए रोमांतिक – प्रसिद्धी १९९४
रिकार्डो शाइली – गेवांडहाउस वाद्यवृंद, लाइपझिग – २००७–०९

तुलनेच्या मर्यादा

संपूर्ण मालिका ही मुख्यतः व्यापारातून आणि वर्धापन वर्षांच्या निमित्ताने घडलेली रचना आहे. एकाच संचालकाला नऊही सिंफनी सारख्याच साधतील असे नाही. कार्लोस क्लायबर यांनी संपूर्ण मालिका कधीच केली नाही. तरीही व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह १९७० च्या दशकात मुद्रित केलेल्या त्यांच्या पाचव्या आणि सातव्या सिंफनी आदर्श मानल्या जातात. केवळ संचांपुरती तुलना केल्यास अशी वादने नजरेआड होतात.

ध्वनिमुद्रणाशी निगडित आख्यायिकांबाबतही सावधगिरी आवश्यक असते. कॉम्पॅक्ट डिस्कची ७४ मिनिटांची क्षमता नववी सिंफनी मावावी म्हणून ठरविण्यात आली, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. मात्र त्या तंत्राच्या विकासात सहभागी असलेले डच अभियंते कीस इमिंक यांनी या निर्णयामागे तांत्रिक आणि व्यापारी कारणे होती, असे म्हटले आहे.

सर्वोत्तम मालिका कोणती, या प्रश्नावर समीक्षकांचे एकमत झालेले नाही. टोस्कानिनी, लायबोवित्झ, नॉरिंग्टन आणि झिनमन या सर्वांचाच दावा संगीतकाराशी निष्ठेचा होता. टोस्कानिनींच्या निष्ठेत वाद्ययोजनेतील दुरुस्त्यांना जागा होती. लायबोवित्झ यांनी आधुनिक वाद्यांवर मेट्रोनोम खुणा जवळ केल्या, नॉरिंग्टन यांनी त्यांना जुन्या वाद्यांची जोड दिली, आणि झिनमन यांनी नव्या आवृत्तीवर स्वतःचे अलंकार चढविले. त्यामुळे अभ्यासकाने प्रथम संचालकाने कोणती संहिता, कोणती लय आणि कोणता वाद्यवृंद निवडला हे स्वतंत्रपणे तपासावे, आणि त्यानंतर ती निवड त्याने नऊही सिंफनींत कितपत निभावली याचा विचार करावा, ही पद्धत अधिक फलदायी ठरते.